ॲडव्हाइस की ॲडव्हाइज, लाय की ले : गोंधळवणारी इंग्रजी क्रियापदं आणि नामं वेगळी ओळखायची कशी

मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत पत्रव्यवहार करायची वेळ आली, तेव्हा पहिली काही वर्षं मी प्रत्येक पत्राच्या शेवटी 'प्लीज ॲडव्हाइस' असं लिहीत होतो. सी-ई लावून. स्पेलिंग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं कधी लाल रेघ मारली नाही, त्यामुळे ते बरोबरच आहे असं मी धरून चाललो होतो. मग एका वरिष्ठांनी माझ्या मसुद्यातल्या त्या सी ला पेन्सिलीनं गोल केला, वर एस लिहिला आणि कागद परत दिला. ते काहीच बोलले नाहीत. त्या रात्री मी जुनी पत्रं काढून बसलो, तर एका सी बरोबर आणखी कितीतरी सापडलं.

पुढचे काही महिने मी याद्या पाठ केल्या. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. पाठ झालं, पण लिहायला बसलो की पुन्हा तोच गोंधळ. याचं कारण फार उशिरा कळलं: या जोड्यांमध्ये अर्थाचा गोंधळ क्वचितच असतो. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' दोन्हींचा परिणामाशी संबंध आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. गोंधळ असतो तो शब्दाच्या वाक्यातल्या जागेचा. आणि ती जागा ओळखायला लागणारं बरंचसं व्याकरण मराठी बोलणाऱ्याच्या कानात लहानपणापासून असतंच. त्याचाच आधार घेत मी ज्या क्रमानं शिकलो, तो क्रम इथे देतो आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना. इंग्रजी शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत; जिथे स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे अक्षरं सुटी दिली आहेत. या इंग्रजी शब्दांच्या शेवटी येणारा 'ज' हा 'रोज' किंवा 'मजा' मधला ज समजा, 'जीवन' मधला नव्हे.

सुरुवातीला काय जवळ हवं

- शिकणाऱ्यांसाठी तयार केलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी. छापील असो वा मोबाइलवरची, पण तिच्यात उदाहरणवाक्यं हवीत आणि शक्यतो उच्चार ऐकता यायला हवा. इंग्रजी-मराठी कोश अर्थ सांगतो. त्या क्रियापदाला कर्म लागतं का, पुढे कोणतं प्रीपोझिशन (म्हणजे 'ऑन', 'टू', 'अबाउट' सारखा संबंध दाखवणारा छोटा शब्द) येतं, हे तो बहुधा सांगत नाही.
- एक वही.
- तुम्ही स्वतः इंग्रजीत लिहिलेली जुनी दहा-पंधरा पत्रं, ईमेल किंवा निबंध. हे साधन सगळ्यांत मोलाचं आहे आणि नेमकं तेच लोक टाळतात.

पायरी १ : आधी स्वतःच्या चुका गोळा करा

सगळे सगळ्याच जोड्यांमध्ये चुकत नाहीत. कुणाचा 'बॉरो' आणि 'लेंड' मध्ये गोंधळ होतो, कुणाचा 'से' आणि 'टेल' मध्ये. म्हणून पन्नास जोड्यांची यादी उघडून बसू नका. आपलं जुनं लेखन उघडा आणि हे शब्द शोधून काढा: ॲडव्हाइस, अफेक्ट, इफेक्ट, लूज, लूस, राइज, रेज, ले, बॉरो, लेंड, से, टेल, डिस्कस. ज्या वाक्यात ते सापडतील ते अख्खं वाक्य वहीत उतरवा, नुसता शब्द नको.

इथला सापळा म्हणजे स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर. दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत, मग ते हरकत कशाला घेईल? व्याकरण तपासणारी नवी साधनं बऱ्याच चुका पकडतात, पण त्यांनी सुचवलेला बदल डोळे झाकून स्वीकारला तर पुढच्या पत्रात तीच चूक पुन्हा होते.

पायरी २ : जागा कोणाची आहे, नामाची की क्रियापदाची?

शब्दाच्या आधी काय आहे ते बघा. 'द', 'ॲन', 'माय', 'धिस', 'सम' किंवा एखादं विशेषण असेल तर जागा नामाची. 'टू', 'विल', 'कॅन', 'शुड', 'डझंट' असेल किंवा वाक्याचा कर्ता लगेच आधी असेल, तर जागा बहुतेक वेळा क्रियापदाची. 'टू' मात्र प्रीपोझिशनही असतं, तेव्हा एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

'नॉइज अफेक्ट्स स्लीप.' इथे कर्ता 'नॉइज', त्याच्यामागोमाग क्रियापद, म्हणून ए पासून सुरू होणारा 'अफेक्ट'. 'नॉइज हॅज ॲन इफेक्ट ऑन स्लीप.' इथे आधी 'ॲन' आहे, म्हणून नाम, म्हणून ई पासून सुरू होणारा 'इफेक्ट'. भराभर बोलताना दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात, तेव्हा कानावर भिस्त ठेवू नका. इथे डोळ्यांनीच काम करायचं.

अपवाद दोन आहेत. 'इफेक्ट' क्रियापद म्हणूनही येतो, पण अर्थ बदलतो: 'टू इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणे. आणि मानसशास्त्रात 'ॲफेक्ट' हे नाम आहे, चेहऱ्यावर आणि वागण्यात दिसणाऱ्या भावनेसाठी. त्यात जोर पहिल्या अक्षरावर असतो. सुरुवातीला हे दोन्ही फक्त वाचनात ओळखता आले तरी पुरे. स्वतः वापरायची घाई करू नका.

पायरी ३ : कठोर शेवट, मृदू शेवट

शाळेत मराठी व्याकरणात कठोर आणि मृदू वर्ण शिकवले होते, आठवतं? क, च, ट, त, प कठोर. ग, ज, ड, द, ब मृदू. त्या वेळी त्याचा उपयोग संधी सोडवण्यापुरता वाटला होता. इंग्रजीच्या कितीतरी जोड्या त्याच एका फरकानं उलगडतात: नामाचा शेवट कठोर, क्रियापदाचा मृदू.

स आणि ज ची जोडी बघा. 'ॲडव्हाइस' म्हणजे सल्ला, 'ॲडव्हाइज' म्हणजे सल्ला देणे. 'डिव्हाइस' म्हणजे उपकरण, 'डिव्हाइज' म्हणजे योजणे, युक्ती काढणे. 'यूस' म्हणजे उपयोग, 'यूज' म्हणजे वापरणे. स्पेलिंग एकच, उच्चार दोन. 'हाउस' म्हणजे घर, 'हाउज' म्हणजे निवारा देणे. 'एक्सक्यूस' म्हणजे सबब, 'एक्सक्यूज' म्हणजे माफ करणे.

फ आणि व ची जोडी: 'बिलीफ' आणि 'बिलीव्ह', 'प्रूफ' आणि 'प्रूव्ह', 'ग्रीफ' आणि 'ग्रीव्ह', 'रिलीफ' आणि 'रिलीव्ह', 'लाइफ' आणि 'लिव्ह'. थ आणि द ची जोडी: 'ब्रेथ' म्हणजे श्वास, 'ब्रीद' म्हणजे श्वास घेणे, 'क्लॉथ' म्हणजे कापड, 'क्लोद' म्हणजे वस्त्र पुरवणे.

यामागचं कारण कळलं तेव्हा मला फार समाधान वाटलं. जुन्या इंग्रजीत क्रियापदांना शेवटी एक प्रत्यय लागत असे. त्यामुळे फ, स, थ हे वर्ण दोन स्वरांच्या मध्ये सापडत आणि तिथे मऊ होत. नामाला तो प्रत्यय नसे, म्हणून तिथे ते कठोर राहत. पुढे प्रत्यय गळून गेला, पण मऊपणा उरला. 'ॲडव्हाइस' सारखे काही शब्द फ्रेंचमधून आले, तरी ते याच सवयीत चपखल बसले.

'लूज' आणि 'लूस' ही जोडी थोडी वेगळी आहे, तरी कान तोच लावायचा. हरवणे, गमावणे, हरणे म्हणजे 'लूज': एल, एकच ओ, एस, ई, शेवट मृदू. सैल म्हणजे 'लूस': दोन ओ, शेवट कठोर, हे बहुतेक वेळा विशेषण असतं. नुकसान या अर्थाचं नाम 'लॉस', त्यात दोन एस. सैल करणे म्हणजे 'लूसन'. लोक सर्वाधिक चुकतात ते 'लूज' लिहिताना दोन ओ घालून.

आता सापळा. 'प्रॅक्टिस' मध्ये हा कान उपयोगी पडत नाही, कारण नाम आणि क्रियापद दोन्हींचा उच्चार एकच. ब्रिटिश पद्धतीत नाम सी-ई नं, क्रियापद एस-ई नं. 'लायसन्स' चंही तसंच. अमेरिकन पद्धतीत मात्र 'प्रॅक्टिस' दोन्ही वेळा सी-ई नं आणि 'लायसन्स' दोन्ही वेळा एस-ई नं. ब्रिटिश पद्धत वापरत असाल तर वाक्यात 'प्रॅक्टिस' च्या जागी मनात 'ॲडव्हाइस' किंवा 'ॲडव्हाइज' ठेवून बघा. जो बसेल त्याचं अक्षर घ्या. एकाच लेखनात दोन पद्धती मिसळू नका, एवढं सांभाळलं की झालं.

पायरी ४ : जोर कुठे द्यायचा

हे बोलण्यापुरतं आहे, म्हणून थोडक्यात. 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'परमिट', 'ऑब्जेक्ट', 'इम्पोर्ट', 'इन्क्रीस', 'प्रोग्रेस' अशा शब्दांत स्पेलिंग एकच असतं. नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. सोळाव्या शतकात अशा जोड्या अगदी मोजक्या होत्या, 'रेबेल' आणि 'रेकॉर्ड' त्यांतल्या; पुढे त्या वाढत गेल्या. पण सगळ्यांना हा नियम लावू नका: 'रिपोर्ट', 'सपोर्ट', 'कंट्रोल' यांत जोर दोन्ही वेळा दुसऱ्या भागावर, तर 'कॉमेंट' मध्ये दोन्ही वेळा पहिल्यावर. डिक्शनरीतला आवाज ऐका आणि दोनदा मोठ्यानं म्हणा.

पायरी ५ : 'कशाला?', 'काय?' असं विचारा, म्हणजेच कर्म शोधा

ही पायरी मला सर्वांत उपयोगी पडली. 'झाड पडलं' आणि 'झाड पाडलं' यांत मराठी माणूस कधी चुकत नाही. पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, सुटणे आणि सोडणे, फिटणे आणि फेडणे, मरणे आणि मारणे. एकात गोष्ट आपोआप घडते, दुसऱ्यात कुणीतरी ती घडवतं. इंग्रजीतही अगदी अशा जोड्या आहेत: 'फॉल' (पडणे) आणि 'फेल' (एफ-ई-एल-एल, पाडणे), 'सिट' आणि 'सेट', 'लाय' आणि 'ले', 'राइज' आणि 'रेज'. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत क्रियापदाला एक प्रत्यय लावून 'घडवणे' हा अर्थ आणत. त्या प्रत्ययाच्या ओढीनं बहुधा आतला स्वर बदलायचा. प्रत्यय गेला, बदललेला स्वर राहिला. आपल्याकडे 'पड' चा 'पाड' होतो, तसंच काहीसं.

म्हणून लिहिताना आधी मनात मराठी क्रियापद ठेवा. पडणे असेल तर एक, पाडणे असेल तर दुसरं.

राइज आणि रेज: 'प्राइसेस राइज', किमती वाढतात. 'द कंपनी रेजेस प्राइसेस', कंपनी किमती वाढवते. 'राइज' ची रूपं: राइज, रोज, रिजन. भूतकाळातला हा 'रोज' उच्चारायला आपल्या 'रोज' सारखाच, त्यामुळे लक्षात राहतो. 'रेज' ची रूपं सरळ आहेत: रेज, रेज्ड, रेज्ड. प्रश्न उपस्थित होतो तेव्हा 'अ क्वेश्चन अराइजेस', प्रश्न कुणी उपस्थित करतं तेव्हा 'शी रेजेस अ क्वेश्चन'. नाम 'राइज': 'अ राइज इन टेम्परेचर'. पगारवाढीला मात्र ब्रिटिश 'राइज' म्हणतात आणि अमेरिकन 'रेज', दोन्ही बरोबर.

लाय आणि ले: इथे खरा गुंता आहे, कारण एकाचा भूतकाळ म्हणजे दुसऱ्याचा वर्तमानकाळ. मी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं:

- पडून राहणे, आडवं होणे: लाय, एल-आय-ई. भूतकाळ ले, एल-ए-वाय. 'हॅव' नंतर लेन. चालू क्रिया लाइंग.
- ठेवणे, अंथरणे, अंडी घालणे: ले, एल-ए-वाय. भूतकाळ लेड, 'हॅव' नंतरही लेड. चालू क्रिया लेइंग.
- खोटं बोलणे: लाय, एल-आय-ई. भूतकाळ लाइड, 'हॅव' नंतरही लाइड. चालू क्रिया लाइंग.

'शी ले डाउन फॉर ॲन अवर', ती तासभर आडवी झाली. 'शी लेड द बुक ऑन द टेबल', तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं. काय ठेवलं? पुस्तक. उत्तर मिळालं, म्हणजे कर्म आहे, म्हणजे 'लेड'. 'आय ॲम लेइंग ऑन द बेड' असं इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही सर्रास म्हणतात, तेव्हा ऐकलेलं तसंच उचलू नका. लेखी इंग्रजीत तिथे 'लाइंग' च हवं.

'फॉल' चा भूतकाळही असाच दुसऱ्याच्या घरात शिरतो. 'द ट्री फेल', झाड पडलं. 'दे फेल्ड द ट्री', त्यांनी झाड पाडलं. 'फाउंड' चंही थोडं तसंच: सापडणे या अर्थी 'फाइंड' चा भूतकाळ 'फाउंड', तर संस्था स्थापन करणे म्हणजे मुळातच 'फाउंड' आणि त्याचा भूतकाळ 'फाउंडेड'.

इथे दोन सापळे आहेत. पहिला: इंग्रजीतल्या पुष्कळ क्रियापदांना वेगळी जोडीच नाही. 'ओपन', 'ब्रेक', 'चेंज', 'स्टार्ट', 'स्टॉप' दोन्हीकडे चालतात. दार उघडलं ते 'द डोअर ओपन्ड' आणि तिनं दार उघडलं ते 'शी ओपन्ड द डोअर'. मराठीतलं 'उघडणे' ही असंच दोन्हीकडे चालतं. दुसरा सापळा: 'हॅपन', 'अकर', 'अराइव्ह', 'डिसॲपिअर', 'डाय' यांना कधी कर्म नसतं, म्हणून त्यांचा कर्मणी प्रयोग होत नाही. 'इट वॉज हॅपन्ड' चूक, 'इट हॅपन्ड' बरोबर. 'ही इज डाइड' चूक. 'ही डाइड', तो वारला. 'ही इज डेड', तो हयात नाही. 'हिज डेथ', त्याचा मृत्यू. क्रियापद, विशेषण आणि नाम, तिन्हींच्या जागा वेगळ्या.

'बॉरो' आणि 'लेंड' मध्ये प्रश्न दिशेचा आहे. उसनं घेणारा 'बॉरो' करतो, देणारा 'लेंड' करतो. 'आय बॉरोड अ पेन फ्रॉम हर', 'शी लेंट मी अ पेन'. 'कॅन यू बॉरो मी अ पेन' ही चूक मराठीतल्या 'उसनं' या एकाच शब्दामुळे होते. आपल्याकडे घेणे आणि देणे ही क्रियापदं दिशा सांगतात, इंग्रजीत शब्दच बदलतो. नाम 'लोन'. अमेरिकन बोलण्यात 'लोन' क्रियापद म्हणूनही वापरतात.

पायरी ६ : नामाला लागणारं प्रीपोझिशन क्रियापदाला चिकटवू नका

'वी डिस्कस्ड अबाउट द मॅटर.' ही चूक मी किती वर्षं केली याचा हिशोब नाही. ती का होते ते नीट समजून घ्या, म्हणजे अशा दहा-बारा चुका एकदम सुटतील.

मराठीत आपण पुष्कळ क्रिया नाम आणि 'करणे' किंवा 'देणे' जोडून सांगतो: चर्चा करणे, विनंती करणे, मागणी करणे, भर देणे, भेट देणे. यात 'बद्दल', 'वर', 'साठी', 'ला' हे सगळं त्या नामासाठी येतं. इंग्रजीतही नामाला असंच प्रीपोझिशन लागतं. पण 'डिस्कस' या एका शब्दात 'बद्दल चर्चा करणे' हे सगळं आलं आहे. पुन्हा 'अबाउट' लावलं की 'बद्दल' दोनदा होतं.

डावीकडे क्रियापद, उजवीकडे नाम:

- डिस्कस द बजेट / अ डिस्कशन अबाउट द बजेट
- अफेक्ट हेल्थ / ॲन इफेक्ट ऑन हेल्थ
- एम्फसाइज द पॉइंट / ॲन एम्फसिस ऑन द पॉइंट
- रिक्वेस्ट अ कॉपी / अ रिक्वेस्ट फॉर अ कॉपी
- डिमांड ॲन आन्सर / अ डिमांड फॉर ॲन आन्सर
- आन्सर द क्वेश्चन / ॲन आन्सर टू द क्वेश्चन
- ॲप्रोच द प्रॉब्लेम / ॲन ॲप्रोच टू द प्रॉब्लेम
- व्हिजिट द म्युझियम / अ व्हिजिट टू द म्युझियम
- लॅक एक्स्पीरियन्स / अ लॅक ऑफ एक्स्पीरियन्स

सगळीच क्रियापदं अशी नाहीत. 'कम्प्लेन अबाउट', 'डिपेंड ऑन', 'रिलाय ऑन', 'रिस्पॉन्ड टू', 'ॲपॉलजाइज फॉर' यांना क्रियापद असतानाही प्रीपोझिशन हवंच. 'आन्सर' आणि 'रिस्पॉन्ड' यांचा अर्थ जवळजवळ एक, पण एकाला 'टू' नको आणि दुसऱ्याला हवा. म्हणून डिक्शनरीत अर्थ सापडला की पान मिटू नका; खालची दोन उदाहरणवाक्यं वाचा.

नामांचा आणखी एक सापळा इथेच सांगतो. मराठीत एक सल्ला, दोन सल्ले होतात. इंग्रजीत 'ॲडव्हाइस' मोजता येत नाही. 'ॲन ॲडव्हाइस' नाही आणि 'ॲडव्हाइसेस' ही नाही. 'सम ॲडव्हाइस' किंवा 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' म्हणायचं. 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'फर्निचर', 'होमवर्क', 'एव्हिडन्स', 'प्रोग्रेस' यांचंही तसंच. मोजायचंच असेल तर 'सजेशन' मोजता येतं: 'टू सजेशन्स'.

पायरी ७ : मराठी कुठे मदत करते आणि कुठे अडवते

मदत करते तिथून सुरू करू. 'सी' आणि 'लुक' मधला फरक मला इंग्रजी पुस्तकातून कधी नीट कळला नव्हता. दिसणे म्हणजे 'सी', बघणे म्हणजे 'लुक ॲट', लक्ष ठेवून किंवा हलणारं काही बघत राहणे म्हणजे 'वॉच'. ऐकू येणे म्हणजे 'हिअर', कान देऊन ऐकणे म्हणजे 'लिसन टू'. 'आय लुक्ड, बट आय सॉ नथिंग.' बघितलं, पण काही दिसलं नाही. मराठीत सांगितलं की क्षणात स्पष्ट होतं.

'से' आणि 'टेल' ही म्हणणे आणि सांगणे यांच्या जवळ जातात. 'ही सेड ही वॉज टायर्ड', तो म्हणाला की तो दमलाय. 'ही टोल्ड मी', त्यानं मला सांगितलं. 'टेल' नंतर बहुतेक वेळा ऐकणारा लगेच येतो. 'से' ला ऐकणारा जोडायचा तर 'टू' लागतो. 'ही सेड मी' हे कधीच नाही. आणि गंमत म्हणजे 'टेल' चे ठरलेले प्रयोगही मराठीसारखे आहेत: 'टेल द ट्रूथ' खरं सांगणे, 'टेल अ लाय' खोटं सांगणे, 'टेल अ स्टोरी' गोष्ट सांगणे.

'डिनाय' आणि 'रिफ्यूज' साठीही मराठीचा आधार आहे. 'ही डिनाइड टेकिंग द बॅग', बॅग घेतल्याचं त्यानं नाकारलं. आरोप आहे, तो म्हणतो मी नाही घेतली. 'ही रिफ्यूज्ड टू टेक द बॅग', बॅग घ्यायला त्यानं नकार दिला. घेणार नाही म्हणाला. नामं अनुक्रमे 'डिनायल' आणि 'रिफ्यूजल'. तक्रारीच्या किंवा कायदेशीर कागदात ही अदलाबदल झाली तर अर्थ भलतीकडेच जातो, म्हणून इथे थांबून तपासा.

आता अडवते ते. 'करणे' हा सर्वांत मोठा अडथळा, कारण त्यात 'मेक' आणि 'डू' दोन्ही मावतात. ढोबळमानानं, शेवटी काही नवं तयार होत असेल तर 'मेक', नुसतं काम पार पाडायचं असेल तर 'डू'. 'मेक अ मिस्टेक', 'मेक अ कॉल', 'मेक ॲन एफर्ट', 'मेक अ कम्प्लेंट', पण 'डू रिसर्च', 'डू होमवर्क', 'डू अ फेवर'. हा अंदाज पुष्कळदा चुकतो. त्यामुळे नाम शिकताना त्याच्यासोबत येणारं क्रियापदही एकाच ओळीत लिहा. सुटं नाम वहीत नकोच.

'देणे' ही अडवतं. परीक्षा देणे म्हणजे 'टेक ॲन एक्झाम'. 'गिव्ह ॲन एक्झाम' म्हटलं तर परीक्षा घेणारे तुम्ही आहात असा अर्थ निघू शकतो. लक्ष देणे म्हणजे 'पे अटेन्शन'. 'घालणे' मध्ये कपडे अंगावर चढवण्याची कृती 'पुट ऑन' आणि ते अंगावर असणं 'वेअर', अशा दोन गोष्टी आहेत. आणि 'हरवणे' तर दोन टोकांना जातं: किल्ली हरवणे म्हणजे 'लूज द की', समोरच्या संघाला हरवणे म्हणजे 'बीट द टीम'. सामना 'विन' करायचा, प्रतिस्पर्ध्याला 'बीट' करायचं. 'वी वन देम' चूक.

'रिमेंबर' आणि 'रिमाइंड' आठवणे आणि आठवण करून देणे यांवर सोडा, ते आपोआप जमेल.

पायरी ८ : स्वतःच्याच वाक्यावर सराव

पायरी १ मध्ये वहीत उतरवलेली वाक्यं आता काढा. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: ही जागा नामाची की क्रियापदाची? क्रियापद असेल तर कर्म आहे का? पुढे आलेलं प्रीपोझिशन खरंच लागतं का? दुरुस्त वाक्य शेजारी लिहा आणि मोठ्यानं वाचा. एका दिवशी पाचपेक्षा जास्त नकोत. आठवड्यानं चुकीची बाजू झाकून नव्हे, तर बरोबर बाजू झाकून चुकीचं वाक्य पुन्हा दुरुस्त करा. चूक ओळखता येणं हे बरोबर रूप पाठ असण्यापेक्षा वेगळं कौशल्य आहे आणि लिहिताना तेच लागतं.

करून बघायला माझ्या जुन्या पत्रांतल्या चुका एकत्र करून हा उतारा बनवला आहे. खालची दुरुस्ती वाचण्याआधी स्वतः दुरुस्त करा:

'वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन. ही सेड मी दॅट द कॉस्ट्स हॅव रेज्ड. द डिले विल इफेक्ट ऑन अवर वर्क. आय डोंट वॉन्ट टू लूस धिस क्लायंट. प्लीज गिव्ह मी ॲन ॲडव्हाइज.'

दुरुस्त केल्यावर:

'वी डिस्कस्ड द प्लॅन. ही टोल्ड मी दॅट द कॉस्ट्स हॅव रिजन. द डिले विल अफेक्ट अवर वर्क. आय डोंट वॉन्ट टू लूज धिस क्लायंट. प्लीज गिव्ह मी सम ॲडव्हाइस.'

पहिलं वाक्य पायरी ६ नं सुटतं. दुसऱ्यात दोन चुका आहेत, एक पायरी ७ ची आणि एक पायरी ५ ची: खर्च वाढले, कुणी वाढवले असं वाक्यात म्हटलेलं नाही. तिसऱ्यात पायरी २ आणि ६. चौथ्यात पायरी ३. शेवटच्यात पायरी ३ आणि ६. ते 'प्लीज ॲडव्हाइज मी' असंही लिहिता येईल, तेव्हा मात्र एस-ई.